मैनमूळ, पाषाणभेद आणि फोर्स्कोलिन : एका ओषधीच्या नावांचा इतिहास

तुळशीच्या कुलातील एक बहुवर्षायू ओषधी मराठीत मैनमूळ, गुजरातीत गरमर, कन्नडमध्ये माकंदी बेरु आणि हिंदीत पाथरचूर या नावांनी परिचित आहे. वनस्पतिशास्त्रात तिचे आज मान्य असलेले नाव कोलियस बार्बेटस हे होय; औषधी वनस्पतींच्या व्यापारात मात्र ती अद्याप कोलियस फोर्स्कोहली या नावानेच घेतली-विकली जाते. तिच्या मुळांतून मिळणारे फोर्स्कोलिन हे द्रव्य गेली चार दशके जगभरच्या जीवरसायनाच्या प्रयोगशाळांत नित्य वापरात आहे, आणि त्याचा शोध मुंबई व लखनौ येथील दोन प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी लागला. या वनस्पतीसंबंधीच्या अलीकडील लेखनात एक विधान इतक्या वेळा आले आहे की ते आता सिद्धवत् मानले जाते. आयुर्वेदाच्या संहितांतील पाषाणभेद ती हीच, आणि म्हणून फोर्स्कोलिनचे गुण प्राचीन वैद्यांना ज्ञात होते, असे ते विधान. ते सर्वस्वी नावाच्या साम्यावर उभे आहे. नावे कशी पडली, कोणत्या वाटेने फिरली आणि कोठे दुसऱ्याच वस्तूवर जाऊन बसली हे पाहिल्याशिवाय त्याचा निर्णय होणे शक्य नाही.

प्रथम वनस्पतीची ओळख. मैनमुळाचे झुडूप साधारणतः ३० ते ६० सेंटिमीटर उंच वाढते. कुलाची सर्वसामान्य लक्षणे, म्हणजे चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि दोन ओठांचे फूल, येथेही आढळतात. पाने जाड, लवदार, ७ ते १२ सेंटिमीटर लांब असून चुरगळली असता उग्र वास देतात. फुले फिकट निळसर जांभळी, लांब मंजरीवर येणारी. तुळशीपासून हिला वेगळे करणारी खूण फुलातच आहे. खालचा ओठ नावेसारखा खोलगट असतो आणि त्यात दडलेल्या चार केसरांचे तंतू तळाशी एकमेकांस जुळून त्यांची एक नळी होते. तुळशीच्या फुलात केसर सुटे असतात. तथापि शेतकरी किंवा व्यापारी फूल पाहत बसत नाही. तो जमिनीखाली पाहतो. मुळांचा एक झुबका असतो. त्यातील मुळे मांसल, दोन्ही टोकांस निमुळती, २० सेंटिमीटरपर्यंत लांब, बाहेरून सोनेरी तपकिरी व आतून नारिंगी असतात आणि त्यांस आल्याची आठवण करून देणारा तीव्र गंध असतो. भारतात ही वनस्पती सुमारे ६०० ते १,८०० मीटर उंचीच्या कोरड्या, उन्हाळ टेकड्यांवर आपोआप वाढते. भारतीय उपखंडाखेरीज अरबस्तान व पूर्व आफ्रिका येथेही ती मूळचीच आहे.

हिच्या देशी नावांकडे वळले असता त्यांचे दोन गट पडतात. मैनमूळ आणि माकंदी बेरु या नावांत 'मूळ' आणि 'बेरु' हे घटक समानार्थी आहेत. कन्नडमध्ये बेरु म्हणजे मूळच. ही नावे जेथे वनस्पतीचा मुळासाठी उपयोग होतो त्या प्रदेशातील आहेत. गुजरातेत गरमरच्या मुळांचे लोणचे घालतात, आणि त्या भाषेत गरमर हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झाड न येता बरणीच येते. पाथरचूर हे नाव मात्र निराळ्या जातीचे. त्यात वनस्पतीचे रूप नाही, अवयव नाही, गंध नाही. त्यात केवळ एक क्रिया आहे, दगडाचा चूर करण्याची.

नामकरणाच्या या भेदाची जाणीव आपल्या निघंटुकारांना स्पष्टपणे होती. नरहरी पंडिताच्या राजनिघंटूत वनस्पतींची नावे ज्या आधारांवर पडतात ते सात आधार सांगितले आहेत : रूढी, प्रभाव, देश्योक्ती, लांछन, उपमा, वीर्य आणि इतराह्वय, म्हणजे दुसऱ्याच कशाच्या तरी नावावरून पडलेले नाव. हे वर्गीकरण आजच्या अर्थविचारालाही उपयोगी पडावे असे आहे. लांछनावरून, म्हणजे खुणेवरून पडलेले नाव वस्तूला बांधलेले असते. खूण दिसत नसेल तर नाव लावता येत नाही. प्रभावावरून पडलेले नाव तसे बांधलेले नसते. ज्या ज्या वनस्पतीकडून तो प्रभाव अपेक्षिला जातो, तिच्यावर ते नाव जाऊन बसू शकते आणि पूर्वीच्या धारकाला ते सोडून द्यावेही लागत नाही. गरमर हा देश्योक्तीचा, मैनमूळ हा बव्हंशी लांछनाचा आणि पाषाणभेद हा शुद्ध प्रभावाचा नमुना होय.

चरकसंहितेत मूत्रविरेचनीय म्हणून जी दहा द्रव्ये एकत्र सांगितली आहेत त्यांत पाषाणभेद आहे. निघंटूंत त्याला अश्मघ्न, गिरिभिद् असे पर्याय दिलेले आढळतात. हे सर्व पर्याय एकाच अर्थाची पुनरुक्ती करतात. पानाचा आकार, फुलाचा रंग, मुळाची घडण यांविषयी ते काही सांगत नाहीत. शिवाय या समासात एक मूलभूत संदिग्धता आहे. भेदावयाचा पाषाण कोणता? मूत्राशयातील खडा, की ज्या खडकाच्या भेगेतून वनस्पती उगवते तो खडक? अश्मघ्न या पर्यायाचा कल पहिल्या अर्थाकडे आहे, गिरिभिद् याचा दुसऱ्या अर्थाकडे. येथे एक समांतर उदाहरण मोठे उद्बोधक आहे. लॅटिनमध्ये सॅक्सिफ्रागा या नावाचा अर्थ अक्षरशः 'दगडफोडी' असा आहे, आणि ते नाव खडकातून उगवण्यावरून पडले की खड्यावरील उपचारावरून, हा वाद तेथेही आहे. हिमालयात खडकांच्या फटींत वाढणारी, गोल मांसल पानांची आणि गुलाबी फुलांची जी वनस्पती उत्तर भारतात पाषाणभेद म्हणून वापरली जाते ती बर्जेनिया याच सॅक्सिफ्रागा कुलातील असून एके काळी तिचे शास्त्रीय नावही सॅक्सिफ्रागा लिग्युलाटा असेच होते. दोन भाषांनी एकमेकींशी संपर्क नसताना एकाच प्रकारच्या वनस्पतीला एकच नाव आणि एकच संदिग्धता द्यावी, हे भाषाभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आयुर्वेदीय औषधिकोशाने पाषाणभेद म्हणून बर्जेनियालाच मान्यता दिली आहे. परंतु व्यवहारात हे नाव प्रांतागणिक बदलते. दक्षिणेत, विशेषतः केरळात, एर्व्हा लॅनाटा म्हणजे मराठीतील कपूरमधुरा ही राजगिऱ्याच्या कुलातील वनस्पती पाषाणभेदाच्या जागी वापरतात. महाराष्ट्रात मुतखड्यावर घरगुती उपाय म्हणून पानफुटीचे पान खाण्याचा प्रघात आहे, आणि तिला पाषाणभेद म्हणणारे लोक गावोगाव भेटतात. पानाच्या कडेवर नवी रोपे फुटणारी ही वनस्पती ब्रायोफायलम होय आणि तिचे कुल चौथेच. बंगालकडे पाथरचूर हे नाव मुख्यतः कोलियस अँबोइनिकस या जातीला, म्हणजे ज्याच्या पानांची भजी महाराष्ट्रात आवडीने खातात त्या पानओव्याला लावले जाते. पानओवा आणि मैनमूळ या एकाच प्रजातीतील दोन जाती असल्याने येथील घोटाळा सर्वांत निसटता आहे. एका नावाखाली अशा रीतीने चार कुलांतील निदान पाच वनस्पती जमा झाल्या. त्यांपैकी मैनमूळ ही एक आहे इतकेच म्हणता येईल. चरकाला अभिप्रेत असलेली ती हीच, असे म्हणण्यास नावापलीकडे कोणताही आधार पुढे केला गेलेला नाही.

लांछनावरून पडलेली नावेही सर्वथा निर्धोक असतात असे नाही. कर्नाटकात माकंदी बेरु या नावाच्या जवळच उच्चाराने येणारे माकळी बेरु हे दुसरे नाव आहे. ती डेकॅलेपिस हॅमिल्टोनी ही रुईच्या कुलातील वेल असून तिच्याही मुळांचे लोणचेच घालतात. वास निराळा, व्हॅनिलासारखा. पण नाव ऐकून मूळ मागणाऱ्याला दोहोंपैकी कोणते मिळेल हे विकणाऱ्यावर अवलंबून असते. संस्कृत कोशांत माकन्द म्हणजे आंबा आणि माकन्दी म्हणजे आवळी असे अर्थ आहेत, आणि महाभारतात पांडवांनी मागितलेल्या गावांत माकन्दी हे एक आहे. काही आधुनिक ग्रंथांत मैनमुळाला 'संस्कृत नाव माकन्दी' असे दिलेले दिसते. कन्नड नावाला संस्कृत वेष चढवून ते पुन्हा प्राचीन म्हणून सादर करण्याचा हा प्रकार आहे आणि औषधी वनस्पतींच्या कोशांत तो दुर्मिळ नाही.

देशी नावांच्या या अव्यवस्थेवर उतारा म्हणून लॅटिन द्विनामाकडे बोट दाखविले जाते. मैनमुळाच्या बाबतीत तो उतारा फारसा लागू पडला नाही. कोलियस ही प्रजाती पोर्तुगीज मिशनरी लोरेरो याने १७९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोचिनचीनच्या वनस्पतिवर्णनात स्थापन केली. ग्रीक भाषेत कोलेऑस म्हणजे म्यान. केसरतंतूंच्या ज्या नळीचा वर उल्लेख आला तिच्यावरून हे नाव पडले. राजनिघंटूच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे उत्तम लांछननाम आहे. १८१० मध्ये अँड्र्यूज याने या जातीचे वर्णन प्लेक्ट्रँथस बार्बेटस, म्हणजे 'दाढीवाला प्लेक्ट्रँथस', असे केले. पुढे ही जात कोलियसमध्ये आणली गेली, आणि हूकर याच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिकोशाच्या १८८५ मधील चौथ्या खंडात ती कोलियस बार्बेटस अशीच आहे.

मग फोर्स्कोहली हे नाव आले कोठून? पेहर फोर्स्कोल हा लिनियसचा स्वीडिश शिष्य. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या मोहिमेबरोबर तो १७६१ मध्ये कोपनहेगनहून निघाला आणि १७६३ च्या जुलैत येमेनमधील यरीम या गावी हिवतापाने मरण पावला. उरलेली मंडळी जहाजाने मुंबईस निघाली. त्यांतील दोघे वाटेत समुद्रावर वारले, वैद्य क्रामर १७६४ च्या आरंभी मुंबईत वारला, आणि कार्स्टेन नीबूर हा एकटा जिवंत राहिला. तो १७६४ च्या डिसेंबरपर्यंत मुंबईत होता व घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे त्याने याच काळात घेतली. फोर्स्कोलची वनस्पतिविषयक टिपणे नीबूरने १७७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे विल्डेनो याने १८०० मध्ये फोर्स्कोलच्या स्मरणार्थ प्लेक्ट्रँथसच्या एका जातीला त्याचे नाव दिले, आणि १८९७ मध्ये ब्रिके याने ते नाव कोलियसमध्ये आणले. वनस्पतिनामांत जुन्या नावाला अग्रहक्क असतो. विल्डेनोचे नाव आणि बार्बेटस ही एकाच जातीची नावे मानली तर १८०० चे नाव १८१० च्या नावावर मात करते, आणि विसाव्या शतकात भारतीय लेखकांनी बहुतांशी तसेच मानले. मात्र अलीकडील वर्गीकरणकार कोलियस फोर्स्कोहली हे नाव मैनमुळासाठी देताना त्यापुढे 'लेखकांच्या वापरातील' असा अर्थ असलेला संक्षेप जोडतात. याचा अर्थ असा की मैनमुळासाठी ते नाव चुकीने रूढ झाले असून त्याचा खरा धनी दुसरी वनस्पती आहे. प्रजातीचेही स्थैर्य टिकले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेकांनी कोलियस ही प्रजाती प्लेक्ट्रँथसमध्ये विलीन केली. जनुकीय अभ्यासाच्या आधारे २०१९ मध्ये ती पुन्हा स्वतंत्र करण्यात आली. देशी नावांना अशास्त्रीय म्हणून हिणविणाऱ्यांनी हा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास एकदा चाळावा.

याच अस्थिर द्विनामातून एका रासायनिक द्रव्याला दोन नावे मिळाली. १९७० नंतरच्या दशकात मुंबईत मुलुंड येथील होएक्स्टच्या संशोधन केंद्राने आणि लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेने भारतीय वनस्पतींची पद्धतशीर चाचणी हाती घेतली होती. दोन्ही ठिकाणी मैनमुळाच्या मुळांच्या अर्काने रक्तदाब उतरतो असे दिसून आले, आणि दोन्ही ठिकाणी एक डायटर्पीन जातीचे द्रव्य वेगळे करण्यात आले. लखनौने प्रजातीच्या नावावरून त्याला कोलिओनॉल म्हटले. मुंबईच्या भट, बाजवा, डोर्नाउअर व डिसूझा यांनी १९७७ मध्ये जातीच्या नावावरून फोर्स्कोलिन म्हटले. एकाच द्विनामाचे दोन अर्धे दोन प्रयोगशाळांनी वाटून घेतले, असे म्हणता येईल. त्रिमितीय रचनेच्या तपशिलात फरक असल्याच्या समजुतीने ही दोन भिन्न द्रव्ये मानली गेली होती. १९८५ च्या सुमारास ती एकच असल्याचे ठरले. टिकले ते फोर्स्कोलिन हे नाव, म्हणजे वर्गीकरणाच्या दृष्टीने सदोष असलेला अर्धा. १९८१ मध्ये अमेरिकेतील सीमन, पॅजेट व डॅली यांनी दाखवून दिले की हे द्रव्य पेशीतील ॲडिनिलेट सायक्लेज या विकराला थेट चालना देते, संप्रेरकाच्या मध्यस्थीवाचून. तेव्हापासून पेशींतील संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत त्याची कुपी असते. येमेनमध्ये मेलेल्या त्या तरुणाचे नाव, त्यातला 'ह' गाळून, असे सर्वतोमुखी झाले.

पाषाणभेदाच्या प्रश्नाला या संशोधनाने एक निश्चित उत्तर दिले आहे, पण त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुलुंडच्याच गटाने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तुळशीच्या कुलातील अनेक वनस्पती, त्यांत कोलियसच्या इतर जातीही, फोर्स्कोलिनसाठी तपासल्या. ते फक्त या एका जातीत आढळले. जवळच्या नात्यातील जातींतही जे नाही ते बर्जेनिया किंवा कपूरमधुरा यांत आहे असे समजण्यास अर्थातच जागा नाही. तेव्हा पाषाणभेद या नावाने शतकानुशतके जे जे दिले गेले त्यातील बहुतेकांचा फोर्स्कोलिनशी काहीही संबंध नव्हता. याउलट ज्यांच्या पोटात ते निश्चितपणे जात होते ते गरमरचे लोणचे खाणारे लोक, आणि त्यांनी त्या मुळाला दगड फोडण्याचे काम कधी सांगितले नव्हते.

लागवडीच्या इतिहासातही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे येतो. फोर्स्कोलिनला मागणी येताच प्रथम रानातील मुळे खणून नेली गेली. मूळ काढले की झाड जाते; पान किंवा फळ तोडण्यासारखा हा व्यवहार नव्हे. रानातील साठा ओसरू लागल्यावर कराराच्या शेतीने लागवड सुरू झाली आणि ती विशेषतः कर्नाटकात व तामिळनाडूत सेलमच्या आसपास वाढली. महाराष्ट्र व राजस्थान येथेही काही प्रमाणात झाली. बियांपासून रोपे करणे संथ आणि बेभरवशाचे असल्याने १० ते १२ सेंटिमीटर लांबीचे, तीन-चार पानजोड्या असलेले शेंडे तोडून रोपवाटिकेत रुजवितात व महिनाभराने जून-जुलैच्या पावसावर शेतात लावतात. निचऱ्याची, तांबूस, भुसभुशीत जमीन लागते. पाणी साचले की मुळे कुजतात, आणि फ्युझेरियम बुरशी व सूत्रकृमी यांमुळे येणारी मर हा या पिकाचा मोठा शत्रू आहे. पाच-सहा महिन्यांनी मुळे काढून, चिरून उन्हात वाळवितात. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत खाली आणला नाही तर साठवणीत फोर्स्कोलिन घटते.

शेंड्यापासून केलेले रोप हे मातृवृक्षाची तंतोतंत प्रतिकृती असते. म्हणून कोणत्या झाडाचा शेंडा घेतला यावर सर्व काही अवलंबून राहते. वाळलेल्या मुळांतील फोर्स्कोलिनचे प्रमाण झाडागणिक ०.१ टक्क्याहून कमीपासून ०.५ टक्क्यांहून थोड्या अधिकापर्यंत बदलते. लोणच्यासाठी पिढ्यान्पिढ्या निवडलेली गरमर मांसलपणासाठी व चवीसाठी निवडलेली असते, द्रव्यासाठी नव्हे. उलट द्रव्यासाठी निवडलेले वाण स्वयंपाकघरात कोणी विचारणार नाही. जातीचे नाव अचूक असूनही शेतकऱ्याच्या हाती आलेला माल खरेदीदाराच्या कसोटीस उतरत नाही, याचे कारण येथे आहे. कराराच्या शेतीत तोटा सोसावा लागतो तो बहुधा त्यालाच, कारण शेंडे त्याला दुसऱ्याने दिलेले असतात आणि चाचणीही दुसरेच करतात.

समुद्रापलीकडे गेल्यावरही मैनमुळाची नावे बदलण्याची खोड गेली नाही. ब्राझीलमध्ये पोटाच्या तक्रारींवर हिच्या पानांचा काढा घेतात आणि तिला 'खोटा बोल्दो' म्हणतात. खरा बोल्दो हा चिलीतील एक वृक्ष असून त्याचाही काढा त्याच कामासाठी घेतात. प्रभावावरून नाव सरकण्याचे हे पाषाणभेदासारखेच उदाहरण, फरक इतकाच की तेथील लोकांनी 'खोटा' हे विशेषण जोडून उसनवारीची प्रांजळ कबुली दिली आहे.

अमेरिकेत २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरून फोर्स्कोलिनची वजन घटविणारे द्रव्य म्हणून मोठी जाहिरात झाली. त्यामागे आधार होता तो २००५ मधील ३० पुरुषांवरील बारा आठवड्यांच्या एका चाचणीचा. त्याच वर्षी स्त्रियांवर केलेल्या दुसऱ्या लहान चाचणीत वजन घटल्याचे आढळले नाही. जाहिरातींत मात्र चाचण्यांपेक्षा 'प्राचीन आयुर्वेद' हे शब्द ठळक होते, आणि तो प्राचीन आयुर्वेद म्हणजे पाषाणभेद हे एक नाव. आज या मालाच्या डब्यावर अर्कातील फोर्स्कोलिनचे प्रमाण, बहुधा १० किंवा २० टक्के, छापलेले असते व प्रयोगशाळेत ते तपासता येते. त्याखाली वनस्पतीचे नाव असते कोलियस फोर्स्कोहली. मैनमूळ किंवा गरमर ही नावे त्यावर नसतात. ती अजून लोणच्याच्या बरणीवरच आहेत.